चार नंबर प्रेसचं तोरण

मोनालीने पत्र्याची पट्टी डायच्या साच्यावर ठेवली, हात बाहेर घेतला, तो खरोखर बाहेर आलाय हे डोळ्यांनी बघितलं आणि मग पायडल दाबलं. ऐंशी टनी प्रेसचा वरचा जड ठोकळा, रॅम, दणकन खाली आला. पायाखालची फरशी हलली. रॅम वर गेल्यावर तिने वाकलेला ब्रॅकेट उचलून क्रेटमध्ये टाकला आणि दुसरी पट्टी घेतली. ठेवली. हात बाहेर. बघितलं. पायडल.

हे बघणं नवीन होतं. गेले सात महिने ती रांजणगावच्या या कारखान्यात चार नंबर प्रेसवर बसत होती आणि स्वतःच्या हाताकडे बघायची तिला कधी गरज पडली नव्हती. डायच्या दोन्ही बाजूंना दोन पिवळे खांब उभे होते आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारा उजेडाचा पडदा होता. हात आत असला की पडदा तुटायचा, मग पायडलवर कुणी नाचलं तरी प्रेस जागची हलायची नाही. सगळे त्याला नुसतं सेन्सर म्हणत. पोटात कावळे ओरडत असोत, डोळ्यांवर झापड असो, नाहीतर घरचं काही डोक्यात घोळत असो, सेन्सर आपला जागा असे. त्याच्या भरवशावर मोनाली गुणगुणत काम करायची.

आज त्या दोन पिवळ्या खांबांना झेंडूचं तोरण बांधलेलं होतं, आणि पॅनलवर लाल दिवा लागलेला होता.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली तेव्हा ती इथे नव्हती. वस्तीतल्या बायकांबरोबर ती नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती, चार दिवसांची रजा टाकून. इकडे प्रेस धुतल्या गेल्या, हळदकुंकू लागलं, नारळ फुटले. तोरणं बांधायचं काम दरवर्षीप्रमाणे बाळासोआप्पांकडे होतं. आप्पा डाय बसवणारे, तीस वर्षं जुने कामगार. बाकीच्या यंत्रांना त्यांनी तोरणं वर मोटारीपाशी बांधली. चार नंबरला मात्र यंदा नवे खांब आले होते. दोन खांब आणि मध्ये मोकळी जागा. कुणाही भल्या माणसाला तिथे दार दिसलं असतं, आणि दसऱ्याला दाराला तोरण नाही बांधायचं तर कुठे बांधायचं! आप्पांनी या खांबापासून त्या खांबाला छान भरगच्च तोरण लावलं, हात जोडले आणि ते पेढे वाटायला गेले.

फुलांच्या वजनाने तोरण मध्ये झुकलं ते नेमकं उजेडाच्या पडद्यात. पूजेनंतर पहिली पट्टी लावली तर प्रेस हलेना. सुपरवायझर नवनाथने पॅनल उघडलं, किल्ली फिरवून सेन्सर बंद केला आणि किल्ली खिशात टाकली. प्रेस चालू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

कामावर आल्या आल्या मोनाली नवनाथकडे गेली होती.

"सर, सेन्सर बंद हाय."

"व्हय. तोरण मधी येतंय ना."

"मग जरा वर सरकवू का मी?"

"तू?" नवनाथ म्हणाला.

एवढंच म्हणाला. मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली घेतला. तो दौंडकडचा, शिक्रापूरला खोली घेऊन राहिलेला, तिशीचा माणूस. स्वभावाने वाईट नव्हता.

"पूजेचं हाय ते. आप्पांनी बांधलंय. दिवाळीला नवं बांधत्यात तवाच जुनं काढायचं, अशी पद्धत हाय. तू हात लावलास तर उगं बोलाबोली व्हईल. जरा बघून चालव. दिवाळी काय लांब न्हाई."

दिवाळीला अठरा दिवस होते. मोनालीने नागपूरहून आणलेली संत्रा बर्फी त्याच सकाळी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली होती. बाळासोआप्पांनी तर दुसरी वडी मागून घेतली होती. पण बर्फी वेगळी आणि तोरण वेगळं. रजेच्या अर्जात तिने कारण सरळ लिहिलं होतं, आणि पूजेच्या दिवशी ती कुठे होती हे सगळ्यांना माहीत होतं. आता परत आल्या आल्या तिनेच तोरणाला हात लावायचा म्हणजे आगीत तेल.

म्हणून ती हाताकडे बघत काम करत होती.

तिला भीती वाटत होती. ही भीती नेमकी कशाची आहे हेही तिला माहीत होतं. गेल्या डिसेंबरात याच प्रेसवर गेणबा नावाच्या ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मोनाली तेव्हा पॅकिंगला होती. दोन महिन्यांनी गेणबा परत आला, फाटकावर हजेरीच्या यंत्रापुढे उभा राहिला, आणि यंत्राने त्याला ओळखलं नाही, कारण नोंदवलेलं बोटच उरलं नव्हतं. मागे रांग लागली होती. गेणबा एकेक करून उरलेली बोटं काचेवर टेकवत राहिला, यंत्र नाही नाही म्हणत राहिलं. त्यानंतर सेन्सर बसला. सेन्सर बसला म्हणूनच बाईला प्रेसवर बसवायचं धाडस कंपनीने केलं. पाबळला राहून यंत्रकाम शिकून आलेली मोनाली तिथे बसली, तिचा फोटो नोटीस बोर्डवर लागला, आणि तिच्या आईने त्या फोटोचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

पहिल्या दिवशी बघून बघून काम केल्यावर सतराशेच ब्रॅकेट निघाले. एरवी शिफ्टला दोन हजार निघत.

"नागपूरच्या पायऱ्या लई चढलीस वाटतं," शेजारच्या प्रेसवरचा एक जण म्हणाला. दुसरा हसला. "तोरण सोसना तिला."

थट्टाच होती. पण मोनालीची कानशिलं तापली.

घरी आई लसूण सोलत बसली होती. मोनाली शेजारी बसून सोलायला लागली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. दहाही बोटं कशी बिनबोभाट काम करत होती.

"गप का गं?" सुरेखाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. आप्पांनी माझ्या प्रेसला तोरण बांधलंय. त्याच्यामुळं हिरवा दिवा लागत न्हाई."

"दिव्याचं काय एवढं?"

"काय न्हाई."

सुरेखाबाईंनी सालं गोळा केली. "बाळासोच्या बापाच्या रानात मी खुरपायला जायची. तहान लागली तर वंजळ पुढं करायची, आन् त्यांची म्हातारी वरनं पानी वतायची. तांब्या लागू न्हाई म्हनून. आता त्यातलं निम्मं रान तुमच्या एमायडीसीत गेलं, आन् बाळासो तुझ्या म्होरं बसून डबा खातो. खातो ना?"

"खात्यात."

"मग झालं की. दिव्याबिव्यासाठी त्यात माती कालवू नको."

दिवा म्हणजे बोटं आहेत हे मोनालीने आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई झोपली नसती, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊही दिलं नसतं. त्यांच्या घरात महिन्याचा पगार म्हणून जे येत होतं ते मोनालीच आणत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने हाताकडे बघणं सोडलं. कुणी काही म्हणू नये, एवढंच तिच्या मनात होतं. ती हात घालायची, काढायची आणि हात निघतोय तोवर पाय दाबलेला असायचा. सेन्सर चालू असताना असं करताच येत नसे, हात पूर्ण बाहेर येईपर्यंत थांबावं लागे. आता थांबायला लावणारं कुणी नव्हतं. दोन हजार झाले. मग बावीसशे. मग तेवीसशे. थट्टा बंद झाली. जेवणाच्या सुट्टीत तिला घास नीट तोडता येईना, म्हणून ती भाकरी आधीच चुरून ठेवायची. बसमधून घरी जाताना डोळे मिटले की रॅम खाली येताना दिसायचा. डोळे उघडे ठेवून ती बाहेरचे ट्रक बघत बसायची.

आठव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, पाय आधी गेला.

तिला एवढंच कळलं की बोटांवर वारा लागला. दणका बसला. हात छातीशी होता, कधी आला ते तिला कळलं नाही. रॅम वर गेला तेव्हा ब्रॅकेटवर हातमोज्याच्या मधल्या बोटाचं टोक चपटं होऊन चिकटलेलं होतं. नुसतं कापड. आत काही नव्हतं. तिने बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताने धरून पुन्हा मोजली. तो ब्रॅकेट तिने खराब मालाच्या क्रेटमध्ये तळाशी घातला आणि वर चार ब्रॅकेट टाकले.

नवनाथ मागून गेला. "कडक चाललंय, मोनाली. काल चोवीसशे! बोर्ड बघितला का?"

तिने बोर्ड बघितला नाही. सुट्टीची घंटा झाली तशी ती डबा न घेता सरळ टूलरूमकडे गेली. बाळासोआप्पा तिथे स्टुलावर डबा उघडून बसले होते. ती पुढे जाऊन उभी राहिली. मागे फिरावं असं तिला दोनदा वाटलं.

"आप्पा, एक बोलायचं हुतं. रागावू नका."

"बोल की."

"चार नंबरचं तोरण..."

आप्पांचा हात डब्यावर थांबला. "काय झालं तोरनाला?"

"त्याच्यामुळं सेन्सर बंद ठेवलाय. खंडेनवमीपास्नं."

आप्पांना कळलं नाही. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. मोनालीने हातमोजा काढून त्यांच्यापुढे धरला. मधल्या बोटाला टोक नव्हतं. आप्पांनी मोजा हातात घेतला, त्या भोकात स्वतःचं बोट घालून बघितलं आणि पटकन बाहेर काढलं.

"आत्ता झालं हे?"

"व्हय."

आप्पांनी डबा बाजूला सारला. "गेणबाचा हात मी सोडवलाय त्या डायमधनं. ह्या हातांनी. म्हनून तर औंदा चार नंबरचं तोरन मोठं केलं. अनसाबाईनं दुपारभर बसून ववलं. मीच म्हनलं तिला, लेकीसारखी पोर बसती तिथं, तिच्या हाताला काय व्हऊ नये. जरा दाट वव."

आठ दिवस मोनाली ज्या माणसाला घाबरत होती, त्याने बायकोला हे सांगितलं होतं.

"आठ दिस का बोलली न्हाईस?" आप्पांनी विचारलं.

तिने खाली बघितलं. आप्पांनी पुन्हा विचारलं नाही. उत्तर त्यांनाही ठाऊक असावं. डब्याचं झाकण लावायला त्यांना उगाच वेळ लागला.

सुट्टी संपली. मोटारी सुरू झाल्या, प्रेसचं जड चाक फिरायला लागलं. आप्पा टूलरूममधून निघून सरळ चार नंबरवर आले. त्यांनी एका खांबाची गाठ सोडली, मग दुसऱ्या. तोरण दोन्ही हातांवर घेऊन कपाळाला लावलं. शेजारचे लोक बघत होते, पण आप्पांनी स्वतः काढल्यावर कोण काय बोलणार. मोनालीच्या छातीवरचा दगड उतरला. तिला वाटलं, एवढंच होतं, आणि आपण आठ दिवस मरणाच्या दारात बसलो.

नवनाथ धावत आला. "आप्पा, काढलं व्हय?"

"काढलं. चालू कर तो सेन्सर."

नवनाथने खिशाला हात लावला आणि तसाच ठेवला. त्याची नजर बोर्डकडे गेली. बोर्डवर निळ्या अक्षरांत प्रेस नंबर चारपुढे लिहिलं होतं: टार्गेट २४००.

"आप्पा, आता न्हाई जमायचं."

"का?"

"नव्या स्कूटरची ऑर्डर आलीय. वर चोवीसशेचं प्लॅनिंग गेलंय. सेन्सरवर दोन हजाराच्या वर निघत न्हाईत."

"कुनाला इचारून दिलं चोवीसशेचं?"

"इचारायचं काय त्यात? निघालेच की." नवनाथने हनुवटीने मोनालीकडे दाखवलं. "तिनंच काढले."

मोनाली त्या आकड्याकडे बघत राहिली. तो तिचाच होता. कुणी काही म्हणू नये म्हणून तिने तो काढला होता, आणि आता तो निळ्या शाईत तिथे जाऊन बसला होता, रोजचा झाला होता. ती सोडून गेली तरी तिच्या जागी जी कुणी बसेल तिच्यापुढे तोच असणार होता. तिला तोरणाची भीती वाटत होती तेव्हा निदान दिवाळी तरी येणार होती.

"माझ्यावर कशाला डोळे वटारताय, आप्पा," नवनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काकुळती होती. "मार्चला माझं बी काँट्रॅक्ट संपतंय. बायको सातव्या महिन्यात हाय. उद्या दोन हजार दाखवले तर मला इचारत्याल, चारशे कुठं गेले? काय सांगू, हातात गेले?"

आप्पा तोरण घेऊन उभे होते. मग ते पुढे झाले, वाकले, आणि त्यांनी ते तोरण दुहेरी घडी घालून खालच्या डायवर ठेवलं. नीट, मधोमध, पूजेच्या ताटात ठेवतात तसं. वर रॅम होता.

"चालव," ते म्हणाले. "दाब म्हन तिला."

शेजारच्या दोन प्रेस थांबल्या. आप्पांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आप्पा, पूजेचं हाय ते! काढा."

"मी न्हाई काढनार."

"अहो, माल थांबलाय." नवनाथने शेजाऱ्यांकडे बघितलं. ते आपापल्या क्रेटमध्ये काहीतरी शोधायला लागले. पूजेची फुलं रॅमखाली चिरडायची त्याची छाती नव्हती, आणि दुसऱ्या कुणाचीही नव्हती. मग त्याला मोनाली दिसली.

"मोनाली, तू काढ. तुला काय त्याचं."

आप्पांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. आठ दिवसांपूर्वी हाच नवनाथ नुसतं 'तू?' म्हणाला होता. नाही म्हटलं तर नोकरीवर येणार होतं, हे मोनालीला दिसत होतं. आईचा चेहराही दिसत होता. तरी तिचा हात मांडीवरून उठेना. तिने उठवून बघितला. तो खरंच उठला नाही.

"सर," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली. "सर, सेन्सर बंद हाय. सेन्सर बंद असताना डायमधी हात घालायचा न्हाई. ट्रेनिंगला तुम्हीच सांगितलं हुतं."

कुणी हसलं नाही.

"बरं, बरं," नवनाथ म्हणाला. "मी काढतो. हाय काय त्यात."

त्याने शर्टाची बाही वर केली. वाकून हात पुढे नेला. बोटं डायच्या तोंडाशी आली आणि तिथे थांबली. जड चाक बाजूला घुंऽऽ करत फिरत होतं. तुकतुकीत ग्रीस लागलेला रॅम त्याच्या मनगटाच्या वीतभर वर होता. त्याने मोनालीच्या पायाकडे बघितलं.

"पाय मागं घे."

"मागंच हायत, सर."

मागेच होते. दोन्ही पाय तिने स्टुलाच्या आडव्या दांडीवर केव्हाच उचलून घेतले होते. पायडलजवळ कुणीच नव्हतं. नवनाथने ते बघितलं, खाली वाकून पुन्हा बघितलं. तरी त्याचा हात पुढे जाईना. झेंडू चार बोटांवर होता. त्याच्या ओठांवर घाम आला होता, आणि तो इतका जवळ उभा होता की त्याचा श्वास मोनालीला ऐकू येत होता.

त्याने हात मागे घेतला, पँटला पुसला आणि खिशात घातला.

पॅनलचं झाकण उघडलं. किल्ली फिरली. लाल दिवा विझून हिरवा लागला. नवनाथने दिव्याकडे बघितलं, परत एकदा बघितलं, आणि मगच हात आत घातला.